आधीचा आजार असेल तर सैन्यात भरती होता येतं का? मेडिकलमध्ये 'अनफिट' म्हणजे नेमकं काय?

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. तालुका कोणताही घ्या, पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पळणारी पोरं दिसतातच. कुणी पोलीस भरतीसाठी पळतंय, कुणी अग्निवीर होण्यासाठी. सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब असतो, १६०० मीटर किती मिनिटांत?

पण लेखी परीक्षा निघाली, धावणं निघालं आणि गाडी अडली ती मेडिकलवर, असं दरवर्षी अनेकांच्या बाबतीत होतं. कुणाचे गुडघे एकमेकांना लागतात, कुणाच्या पायाच्या शिरा फुगलेल्या असतात, कुणाला लहानपणी फिट आलेली असते. मग गावात दोन सल्ले मिळतात. एक, "आता काही होत नाही, सोडून दे." दुसरा, "सांगूच नको, कोणाला कळतंय?"

हे दोन्ही सल्ले महागात पडू शकतात. कसे, ते समजून घेऊ.

मेडिकल नेमकं कधी होतं?

केंद्र सरकारने १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर केली. २०२३ पासून लष्कराने भरतीचा क्रम बदलला. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, ती पास झालेल्यांसाठी भरती मेळावा आणि मेळाव्यात मैदानी चाचणी निघाली की मेडिकल. वाशिम जिल्हा लष्कराच्या नागपूर भरती कार्यालयाच्या हद्दीत येतो.

म्हणजे मेडिकल शेवटच्या टप्प्यावर आहे. तोपर्यंत पोराचं वर्षभर गेलेलं असतं आणि घरच्यांचे अकॅडमीचे पैसेही. शिवाय वयाची खिडकी अरुंद आहे. योजना आली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते २१ होती, फक्त पहिल्या वर्षापुरती ती २३ केली होती. त्यामुळे सहा महिन्यांत बरी होणारी अडचणसुद्धा एक अख्खी संधी घालवू शकते.

'अनफिट'चे दोन प्रकार

पहिला, तात्पुरता अनफिट. म्हणजे उपचाराने दूर होईल अशी अडचण. कानात मळ साचल्याने पडदा न दिसणं, दातांवरचं किटण, त्वचेचा संसर्ग, कमी-जास्त वजन, आहारामुळे कमी झालेलं हिमोग्लोबिन, हर्निया, हायड्रोसिल, मूळव्याध. यातल्या काहींसाठी औषध पुरतं, काहींसाठी ऑपरेशन लागतं. ऑपरेशननंतर जखम पूर्ण भरलेली आहे का आणि त्रास परत आला नाही ना, हे डॉक्टर बघतात. म्हणून मेळाव्याच्या आठ दिवस आधी ऑपरेशन करून उपयोग नसतो.

दुसरा, कायमचा अनफिट. अपस्मार म्हणजे फिट येणं, दमा, मधुमेह, हृदयाचे काही आजार, गंभीर मानसिक आजार, रंगांधळेपणा. काही पदांसाठी रंग ओळखण्याच्या निकषात फरक आहे, पण सैन्यातल्या बहुतेक कामांत रंग अचूक ओळखावेच लागतात.

इतका कडकपणा कशासाठी? कारण जवानाची नेमणूक सियाचीनलाही होऊ शकते आणि राजस्थानच्या वाळवंटातही. तिथे रोजची गोळी वेळेवर मिळेलच असं नाही. शिवाय एकाला झटका आला तर त्याला उचलून आणायला चार जण अडकतात. कायद्यानेही याला आधार आहे. १८ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने केंद्राने सैन्यदलांतल्या लढाऊ पदांना दिव्यांग हक्क कायद्याच्या नोकरीविषयक तरतुदींमधून सूट दिली आहे.

सपाट तळवे असले की संपलं?

नाही. सपाट तळव्यांबाबत सर्वात जास्त गैरसमज आहे. उमेदवार चवड्यांवर उभा राहिला की तळव्याची कमान पुन्हा दिसत असेल, पाय लवचिक असेल आणि पळताना-उड्या मारताना दुखत नसेल, तर तो पात्र ठरू शकतो. ताठर, दुखणारा सपाट तळवा मात्र चालत नाही.

गुडघे एकमेकांना लागण्याचंही माप ठरलेलं आहे. गुडघे जुळवून उभं राहिल्यावर पुरुष उमेदवाराच्या दोन्ही घोट्यांमधलं अंतर ५ सेंटिमीटरच्या आत लागतं. उलट, पाय बाहेर वाकलेले असतील तर घोटे जुळवून दोन गुडघ्यांमधलं अंतर ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं. घरी टेप घेऊन पाच मिनिटांत हे मोजता येतं. 'पंधरा दिवसांत नॉक-नी गायब' असे व्हिडिओ सोशल मीडियावर भरपूर आहेत. पण हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर पट्ट्या बांधून आणि मालिश करून हाडाचा कोन बदलत नाही.

विदर्भातला खास प्रश्न: सिकलसेल

विदर्भात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे, आदिवासी समाजांत आणि इतर काही समाजांतही. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं आणि २०४७ चं उद्दिष्ट ठेवलं.

यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आई आणि वडील दोघांकडून दोषयुक्त जनुक आलं तर तो 'रुग्ण'. एकाकडूनच आलं तर तो 'वाहक'. रुग्णाला सैन्यात घेतलं जात नाही. वाहकाला मात्र सहसा काहीच त्रास नसतो. अनेकांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं.

मग धोका कुठे? अतिश्रमात. अमेरिकेच्या लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं नाही, पण अतिश्रमाने स्नायू विरघळण्याच्या गंभीर त्रासाचा धोका सुमारे दीडपट निघाला. एप्रिल-मेच्या उन्हात, कमी पाणी पिऊन, डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोरासाठी ही माहिती भरतीपेक्षाही आधी महत्त्वाची आहे. सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य यंत्रणेत होते. सराव सुरू करण्याआधीच ती करून घ्यावी.

लपवलं तर काय होतं?

भरतीच्या वेळी उमेदवाराकडून आधीच्या आजारांची माहिती लिहून घेतली जाते. लष्कर कायदा १९५० च्या कलम ४४ नुसार भरतीच्या अर्जात जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं उघड झालं, तर कोर्ट मार्शलमध्ये पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा तोटा पैशांचा आहे. सेवेमुळे अपंगत्व आलं तर अग्निवीराला त्याच्या प्रमाणानुसार १५, २५ किंवा ४४ लाख रुपयांची एकरकमी मदत मिळते. पण अपंगत्व सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं लागतं. आजार आधीपासून होता आणि तो लपवला, असं निघालं तर हा दावाच डळमळतो.

उलटं उदाहरण धरमवीर सिंह यांचं. ते १९८५ मध्ये सिग्नल कोरमध्ये भरती झाले. १९९४ मध्ये फिट येण्याच्या आजारामुळे त्यांना सेवेतून काढलं आणि अपंगत्व पेन्शन नाकारली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा तंदुरुस्त होता असं मानायचं आणि तसं नव्हतं हे सरकारने सिद्ध करायचं, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये याबाबतचे नवे नियम आले. जुने असोत की नवे, भरतीच्या वेळचा कागद खरा असणं जवानाच्याच फायद्याचं असतं.

अनफिट ठरल्यावर दाद मागता येते?

येते. मेळाव्यात अनफिट ठरलेल्या उमेदवाराला लष्करी रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टरांकडून फेरतपासणी करून घेता येते. पाच दिवसांत तिथे हजर व्हायचं आणि १४ दिवसांत तपासणी पूर्ण करायची, अशी मुदत असते. कोणत्या रुग्णालयात जायचं ते मेळाव्यातच सांगतात. विदर्भात कामठीला लष्कराचं रुग्णालय आहे. 'गावी जाऊन बघू' म्हणत आठवडा काढला की संधी गेली.

एनडीए किंवा सीडीएसमधून अधिकारी होणाऱ्यांसाठी पद्धत वेगळी आहे. पहिल्या तपासणीनंतर ४२ दिवसांच्या आत अपील मेडिकल बोर्डासमोर जाता येतं. तिथेही नकार आला तर रिव्ह्यू मेडिकल बोर्डाची मागणी करता येते, पण ती मंजूर होईलच असं नाही.

मग आधी काय करायचं?

पळायला सुरुवात करतानाच एकदा डॉक्टरांना दाखवा. डोळे, कान, दात, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सिकलसेल, पायांच्या शिरा, हर्निया-हायड्रोसिल एवढं तपासून घ्या. वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात यातल्या बहुतेक गोष्टी होतात. टॅटू काढायचा विचार असेल तर थांबा, कारण कोपरापासून मनगटापर्यंतचा हाताचा आतला भाग आणि तळहाताची मागची बाजू सोडून इतरत्र कायमचा टॅटू चालत नाही. आदिवासी समाजातल्या पारंपरिक गोंदणाला सवलत आहे. प्रत्येक भरतीच्या जाहिरातीतले निकषही स्वतः वाचा, ते बदलू शकतात.

आणि अडचण कायमची निघाली तर? तर ते अठराव्या वर्षीच कळलेलं बरं. तेव्हा दुसरी वाट धरायला हातात वर्षं असतात.