गाडीचा मेंदू बदलण्याआधी

बेळगावहून एका तरुणाचा प्रश्न आला आहे. त्याच्याकडे जुनी एमपीएफआय एस्टीम आहे. तिला टर्बो बसवून तो ती ट्रॅकवर पळवणार आहे. तो विचारतो, "सर, ईसीयू कुठला घेऊ? हाल्टेक, लिंक की मेगास्क्वर्ट?" प्रश्न चांगला आहे, फक्त उलट्या टोकाने विचारलेला आहे. तिन्ही चालतील, आणि तिन्ही इंजिन जाळूही शकतील.

मी बोलतोय आवडीहून. हे गाव रणगाड्यांचं. हेवी व्हेइकल्स फॅक्टरी इथे, इंजिन फॅक्टरी इथे, रणगाड्यांचं संशोधन करणारी सीव्हीआरडीई इथेच. टी-७२ रणगाड्याच्या ७८० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनात इंधन किती जावं हे कुठलाही कॉम्प्युटर ठरवत नाही. यांत्रिक पंप आणि गव्हर्नर ते काम करतात. अशा पंपाला उंचीवर हवा विरळ झाल्याचं कळत नाही. तो ठरल्याप्रमाणे डिझेल ढकलत राहतो, मग नळीतून काळा धूर येतो आणि ताकद घटते. डिझेलमध्ये चूक झाली तर बऱ्याचदा एवढ्यावरच निभावतं. टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनात मात्र भरपूर हवा असताना इंधन कमी पडलं, तर ठोके सुरू होतात आणि काही सेकंदांत पिस्टनला भोक पडू शकतं.

थोडं गणित करू. ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेऱ्या मारतो. म्हणजे एक अंश फिरायला साधारण २८ मायक्रोसेकंद लागतात. एका सिलिंडरचं पूर्ण चक्र दोन फेऱ्यांचं, म्हणजे २० मिलिसेकंदांचं. तेवढ्यात ईसीयूने हवेचा दाब आणि तापमान वाचायचं, इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवायचं आणि ठिणगी नेमक्या अंशावर टाकायची. इंजेक्टर १६ मिलिसेकंद उघडा राहायला लागला, तर तो ऐंशी टक्के वेळ उघडाच आहे. त्यापुढे ईसीयू कितीही महाग असो, इंधन येणार कुठून? आधी इंजेक्टर आणि पंप मोठे करावे लागतात.

आता मार्ग तीन. पहिला रिमॅप, म्हणजे कंपनीच्याच ईसीयूतला नकाशा बदलायचा. नव्या गाड्यांत एबीएस, इमोबिलायझर, मीटर हे सगळे ईसीयूशी बोलत असतात. त्यामुळे तिथे बहुधा हाच मार्ग शहाणपणाचा. डायरेक्ट इंजेक्शन असेल तर स्वस्त स्वतंत्र ईसीयूचा विचारही नको, ते इंजेक्टर उघडायला लागणारा उंच व्होल्टेज त्यांच्याकडे नसतो. दुसरा पिगीबॅक. ही पेटी मूळ ईसीयूकडे जाणारे सिग्नल मधल्यामध्ये बदलते. छोट्या फेरफारांना ठीक. टर्बोसाठी मला ती आवडत नाही, कारण एक मेंदू दुसऱ्याला फसवतोय आणि दोघांनाही पूर्ण चित्र दिसत नाही. तिसरा स्वतंत्र, म्हणजे स्टँडअलोन ईसीयू. जुन्या एस्टीमला हाच योग्य.

स्वतंत्र ईसीयू घेताना पहिली गोष्ट बघायची ती दातेरी चक्र. क्रँक कुठे आहे हे ईसीयूला त्या चक्राच्या दातांवरून कळतं. बॉशच्या पद्धतीत ६० दातांच्या जागी दोन गाळलेले असतात, फोर्डच्या बऱ्याच इंजिनांत ३६ मधला एक. तुमच्या इंजिनाचा नमुना त्या ईसीयूला ओळखता येतो का, सेन्सर चुंबकीय आहे की हॉल प्रकारचा, हे आधी विचारा. नमुना चुकला तर ठिणगी भलत्याच वेळी पडणार.

मग इंजेक्टरचा रोध मोजा. कमी रोधाचे इंजेक्टर थेट लावले तर साध्या ईसीयूचा ड्रायव्हर जळतो. इंजेक्टर उघडायला लागणारा उशीर बॅटरीच्या व्होल्टेजवर बदलतो, तो तक्ता इंजेक्टरसोबत मिळाला नाही तर आयडलिंग कधीच नीट होणार नाही.

माझ्या मते ज्या गोष्टीवर पैसे खर्च करावेत ती म्हणजे संरक्षण. वाइडबँड लॅम्डा सेन्सर हवाच. टर्बोच्या दाबाखाली लॅम्डा साधारण ०.८ च्या आसपास ठेवतात. तो मर्यादेबाहेर गेला, ऑईलचा दाब पडला किंवा टर्बोचा दाब वाढला, तर ईसीयूने स्वतःहून इंजिन आवरलं पाहिजे. चालकाचं लक्ष वळणाकडे असतं, मीटरकडे नसतं. मेगास्क्वर्ट २००१ मध्ये दोन अमेरिकन हौशी लोकांनी घरी जोडायचं किट म्हणून आणलं. शिकायला उत्तम, मला त्याबद्दल आदर आहे. पण सोल्डरिंगपासून सेटिंगपर्यंत सगळी जबाबदारी तुमची. हाल्टेक ऑस्ट्रेलियाची, लिंक न्यूझीलंडची, दोन्ही महाग.

हवामान विसरू नका. हवा २५ वरून ५० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे आठ टक्के घटते. चेन्नईच्या मे महिन्यात बॉनेटखाली हे सहज होतं. तापमानाचा सेन्सर तापलेल्या धातूवर बसवला तर तो हवेचं नव्हे, धातूचं तापमान सांगेल. पेटी पाणीबंद नसेल तर ती डॅशबोर्डखालीच हवी. पेट्रोलचंही तसंच. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. जुना नकाशा नव्या पेट्रोलवर तसाच चालवला तर मिश्रण लीन होतं.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून अशी गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर न्या. १९९० पासून चालू असलेला इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक आवडीपासून फार लांब नाही. त्याआधी इथल्या शर्यती शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. स्पर्धेत उतरणार असाल तर त्या गटाचे नियम खरेदीच्या आधी वाचा, काही गटांत ईसीयू बदलायलाच मनाई असते.

तर बेळगावकर मित्रा, आधी तुझ्या जवळचा ट्यूनर शोध. डायनोवर त्याने कुठल्या ईसीयूवर किती इंजिनं उभी केली आहेत ते विचार, आणि त्याला जो ईसीयू पाठ आहे तोच घे. वायरिंग, वाइडबँड आणि डायनोचे तास यांचे पैसे आधी बाजूला काढ. उरतील त्यात पेटी बसते का बघ. बसत नसेल तर टर्बो पुढच्या वर्षी.