पाठांतर, भेंड्या आणि बक्षीस

आमच्या घरीं दिवेलागणीनंतर मुलांनीं एकत्र बसून परवचा म्हणण्याची रीत अजून टिकून आहे. तीन भावांचे संसार एकाच छपराखालीं, तेव्हां पांच-सात मुलें सहज जमतात. त्यांतील आमची धाकटी नात आठ वर्षांची. गेल्या चातुर्मासांत तिला गीतेचा पंधरावा अध्याय शिकवावा असें आमच्या मनांत आलें. अध्याय लहान, श्लोक अवघे २०. काम लवकर उरकावें म्हणून आम्हीं तिला दर श्लोकामागें पांच रुपये कबूल केले. पंधरा दिवसांत अध्याय मुखोद्गत झाला, तिच्या डब्यांत शंभर रुपये पडले, आणि आम्ही आपल्याच युक्तीवर खूष होऊन बसलों. पुढें महिन्याभरानें पाहुण्यांसमोर तिला अध्याय म्हणावयास सांगितलें. सातव्या श्लोकावर ती अडखळली, थांबली, आणि अगदीं सरळपणें म्हणाली, "आजोबा, ह्याचे पैसे निराळे मिळणार का?"

पाहुणे हंसले, घरच्यांनींही तें हंसण्यावारी नेलें. आम्हांस मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. कारण हीच मुलगी, आमचा हा व्यवहार सुरू होण्यापूर्वीं, झोपाळ्यावर बसून कोणीं न सांगतां रामरक्षा गुणगुणत असे. तें गुणगुणणें केव्हां बंद पडलें हें आमच्या लक्षांतही आलें नव्हतें.

छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. मुलांच्या स्मरणशक्तीशीं ज्याचा रोजचा संबंध, त्याला ही गोष्ट आधीं कळावयास हवी होती. तिचा छडा इतरांनीं फार पूर्वींच लावलेला आहे. अमेरिकेंत लेपर, ग्रीन व निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडींतील तीन ते पांच वर्षांचीं, चित्रें काढण्याची मुळांतच आवड असलेलीं मुलें त्यांनीं निवडलीं. कांहींना आधींच सांगितलें कीं, चित्र काढल्यास सोनेरी तारा व फीत लावलेलें प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींना तें न सांगतां मागाहून दिलें. कांहींना कांहींच दिलें नाहीं. मग एक-दोन आठवड्यांनीं रंगाचीं साधनें मुलांपुढें नुसतीं ठेवलीं आणि कोण किती वेळ त्यांत रमतो हें पाहिलें. ज्यांना आधीं आमिष दाखविलें होतें तीं मुलें इतरांच्या निम्माच वेळ रमलीं. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांचें कांहीं बिघडलें नव्हतें. बिघाड बक्षिसानें होत नाहीं, सौद्यानें होतो. जी गोष्ट मूल खेळ म्हणून करीत होतें, ती आपण मोल ठरवून मजुरी करून टाकतों.

विष्णुशर्म्यापुढें अमरशक्ति राजाचे तीन मठ्ठ पुत्र आणि सहा महिन्यांची मुदत होती. त्यानें त्यांना गोष्टी सांगितल्या. श्लोकामागें नाणें ठरविलें नाहीं. पंचतंत्र आम्हीं इतकीं वर्षें शिकविलें, पण ही गोष्ट त्यांतून आम्हीं स्वतः शिकलों नाहीं.

आमची दुसरी चूक पंधरा दिवसांच्या घाईची. जर्मनींत हेर्मान एबिंगहाउस या पंडितानें १८८५ सालीं स्मरणशक्तीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोग करणाराही तोच आणि ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तोही तोच. अर्थहीन अक्षरांची माळ पाठ करावयाची, कांहीं काळ जाऊं द्यावयाचा, आणि तीच माळ फिरून पाठ करण्यास किती श्रम वांचतात हें मोजावयाचें. वीस मिनिटांनीं शेंकडा ५८ श्रम वांचत, तासाभरानें ४४, एका दिवसानें सुमारें ३४, महिन्यानें २१. म्हणजे विस्मरणाचा लोंढा पहिल्या तासांतच येऊन जातो, पुढें तो मंदावतो. याच पंडितास आणखी असें आढळलें कीं, बारा अक्षरांची माळ एकाच दिवशीं ६८ वेळां घोकून जेवढें साधतें, तेवढेंच ती तीन दिवसांत वांटून ३८ वेळां म्हटल्यानें साधतें. आमच्या आजीचा रोजचा परवचा या दुसऱ्या पद्धतीचा होता. परीक्षेच्या आदल्या रात्रीचें घोकणें पहिल्या पद्धतीचें.

पण नुसतें वांटून म्हणणेंही पुरेसें नाहीं. रोडिगर व कार्पिके या दोघां अमेरिकन संशोधकांनीं २००६ सालीं विद्यार्थ्यांस एक उतारा दिला. एका गटानें तो दोनदां वाचला. दुसऱ्यानें एकदां वाचून, कागद बाजूस ठेवून, आठवेल तेवढें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं पाहिलें तों वाचणारे पुढें होते, शेंकडा ८१ आणि ७५. आठवड्यानें पाहिलें तों पारडें फिरलें होतें: वाचणारे ४२, आठवून लिहिणारे ५६. विहिरींतलें पाणी उपसल्यानें नवें झरे फुटतात, तसें स्मरण हें भरल्यापेक्षां उपसल्यानें पक्कें होतें. मूल पुस्तक उघडें ठेवून दहा वेळां वाचतें तेव्हां त्याला 'आपल्याला येतें' असें वाटतें. तें खोटें बोलत नाहीं. त्याची फसगत झालेली असते.

आमच्या वैदिकांस हें अनुभवानें ठाऊक असावें असें वाटतें. पाठांतर म्हणजे आंधळें घोकणें असा त्यांच्यावर आरोप होतो, पण घनपाठाची रचना पाहावी. जटेंत पहिलें पद व दुसरें, मग दुसरें व पहिलें, पुन्हा पहिलें व दुसरें. घनांत त्याला तिसरें पद जोडून पुन्हा उलट-सुलट. जिभेला सवयीच्या उतारावरून घरंगळत जाण्यास वावच ठेवलेला नाहीं. प्रत्येक पदावर मनाला जागें व्हावें लागतें आणि चूक झालीच तर ती उलट येतांना उघडी पडते.

येथें आम्हांस एका मुलाची आठवण होते. ती लिहावी कीं न लिहावी याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. नववीच्या वर्गांत एक विद्यार्थी होता. वडील एस्. टी.त कंडक्टर. 'वारि' शब्द चालवितांना तो तृतीयेच्या पलीकडे कधीं गेला नाहीं. सहलीच्या दिवशीं मात्र त्यानें रत्नागिरीहून कोल्हापुरापर्यंतचे थांबे धडाधड म्हणून दाखविले. हातखंबा, पाली, साखरपा, आंबा, मलकापूर, बांबवडे, आणि यांमधले लहान-सहान सगळे, भाड्यासकट, सुलटे आणि उलटे. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. आम्ही म्हणालों, "नको त्या कचऱ्यानें डोकें भरलें आहे, म्हणून व्याकरणाला जागा नाहीं." तो खालीं बसला. वर्षअखेर नापास झाला आणि शाळा सोडून गेला.

जागेचा प्रश्नच नव्हता. मिलर या मानसशास्त्रज्ञानें १९५६ सालीं दाखवून दिलें कीं, मनुष्याच्या तात्कालिक स्मरणांत साताच्या आसपासच जिनसा मावतात. मात्र एकेक जिन्नस केवढी करावी हें आपल्या हातीं असतें. त्या मुलाच्या मनांत थांबे सुटे नव्हतेच. घाटाखालचे, घाटांतले, घाटावरचे असे तीन-चार जुडगे होते, आणि प्रत्येकाशीं वडिलांच्या फेरीची हकीकत जोडलेली. आम्हीं फळ्यावर 'वारि'चीं चोवीस घरें मांडलीं आणि चोवीस निराळ्या गोष्टी म्हणून त्याच्या अंगावर टाकलीं. वास्तविक चोवीस घरांत निराळीं रूपें तेरा-चौदाच आहेत. प्रथमा ती द्वितीया. 'वारिभ्याम्' तीन घरांत. 'वारिभ्यः' दोन घरांत. 'वारिणः' पंचमींतही आणि षष्ठींतही. रिकाम्या घरांचा तक्ता देऊन "एकच पाहुणा कोणकोणत्या घरीं उतरला आहे तें शोध" असें त्या मुलास सांगितलें असतें, तर त्याला ही एक निराळी बसफेरीच वाटली असती. ही युक्ति आम्हांस निवृत्तीच्या आधीं चार वर्षें सुचली. तोंवर तो मुलगा तिशी ओलांडून गेला असेल.

खेळ म्हणून जें जें विकलें जातें तें सर्वच उपयोगी असतें असें मात्र नव्हे. सापशिडीच्या पटावर प्रश्न छापलेले खेळ आम्हीं पाहिले आहेत. मूल उत्तर कसेंबसें पुटपुटतें आणि त्याचे डोळे फाशावर असतात. फोनवरील पुष्कळ खेळांत तर प्रत्येक उत्तराला नाण्यांचा पाऊस पडतो. आमचे पांच रुपयेच ते, नुसते अधिक चकचकीत. आमची कसोटी एवढीच कीं, जें शिकावयाचें तेंच आठवल्यावांचून खेळ पुढें सरकतां कामा नये.

या कसोटीला भेंड्या उतरतात. यंदाच्या चातुर्मासांत आम्हीं सौदा बंद केला, अध्यायाचें नांवही काढलें नाहीं, आणि रात्रीं जेवणानंतर श्लोकांच्या भेंड्या सुरू केल्या. नियम सोपा: विसर्ग सोडून श्लोकाचें शेवटचें व्यंजन घ्यावयाचें. पहिले आठ दिवस नात नुसती ऐकत बसली. मग गडी कमी पडले म्हणून वहिनींनीं तिला आपल्या बाजूस ओढलें. गंमत अशी कीं, श्लोक कशानें सुरू होतो एवढ्यानें भागत नाहीं, तो कशावर संपतो हेंही जिंकण्यासाठीं ठाऊक असावें लागतें. आणि ती शेवटाकडून श्लोक तपासूं लागली. एके दिवशीं तिनें आम्हांस सांगितलें कीं, पंधराव्या अध्यायांतले आठ श्लोक 'त'वर संपतात. आम्हीं बोटांवर मोजून पाहिले. आठच. इतक्या वर्षांत हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

परवां आम्हीं तिच्यावर 'त' टाकला. तिनें क्षणभर डोळे मिटले आणि चौथा श्लोक म्हटला, जो 'पुराणी' या पदावर संपतो. 'ण' आमच्यावर आला. 'ण'ऐवजीं 'न' घेण्याची आमच्या घरीं मुभा आहे, परंतु त्या रात्रीं तिनें ती मान्य केली नाहीं आणि वहिनींनींही तिचीच बाजू घेतली. दहा मोजून होईपर्यंत आम्ही 'ण' शोधीत राहिलों, आणि आमच्या बाजूवर भेंडी चढली.

झोपाळ्यावरची रामरक्षा अद्याप परत आलेली नाहीं. आम्ही तिच्याविषयीं विचारीत नाहीं.