गाडीमालकाचा पगार

छोट्या मालवाहू गाडीचा मालक महिन्याला किती कमावतो, याचं सरकारी उत्तर आहे साडेसात हजार रुपये. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एई दहापर्यंत गाड्या असलेल्या वाहतूकदाराला हिशेबाच्या वह्या ठेवण्यातून सूट देतं आणि त्याबदल्यात गाडीमागे दरमहा ७,५०० रुपये उत्पन्न धरून चालतं. एकूण वजन १२ टनांच्या वर गेलं की टनामागे १,००० रुपये, म्हणजे साडेअठ्ठावीस टनी दहाचाकीला २८,५००. गाडी महिनाभर दारात उभी राहिली तरी हा आकडा बदलत नाही. नव्या आयकर कायद्यातही ही सोय ठेवली आहे.

शोरूममध्ये जा, तिथे दुसरंच उत्तर मिळतं. ‘‘दादा, साठ-सत्तर हजार कुठे जात नाहीत.’’ गंमत म्हणजे हा माणूस खोटं बोलत नसतो. तो भाड्याचा आकडा सांगत असतो, ऐकणारा तो कमाईचा समजतो. वसई-विरारमध्ये दर दिवाळी-पाडव्याला हार घालून निघणाऱ्या कितीतरी पिकअपांचं पुढचं सगळं दुखणं या एका गैरसमजातून सुरू होतं.

हा धंदा इथे वाढला त्याला कारण आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग वसई तालुक्याच्या मधून जातो. त्याच्या दोन्ही अंगांना वालिव, सातिवली, गोखिवरे, चिंचपाडा, पेल्हार इथले गाळे. इंजिनीअरिंगचे सुटे भाग, प्लास्टिक, पॅकिंगचं सामान, स्टीलच्या पट्ट्या असा माल रोज निघतो. चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीची गोदामं, वर बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत, त्याच्याही वर अच्छाड ओलांडलं की वापी. खाली घोडबंदरवरून ठाणे, तिथून पुढे न्हावाशेवा. माल आहे, रस्ते आहेत आणि एमएच-४८ पासिंगच्या गाड्याही आहेत. गाड्या जरा जास्तच आहेत, असं माझं मत.

महामार्गालगतच्या गावांत जमिनीचे पैसे आले तेव्हा अनेक घरांनी डंपर घेतले, टँकर घेतले. टँकरचं उदाहरण नवख्याने नीट पाहण्यासारखं आहे. पाणीटंचाईच्या वर्षांत वसई-विरारच्या सोसायट्यांना टँकरवाचून गत्यंतर नव्हतं, तेव्हा टँकर म्हणजे हमखास धंदा. २०२३ च्या अखेरीस सूर्या योजनेचं पाणी शहरात येऊ लागलं. ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटरचा. टँकर बंद पडले नाहीत, कारण जलवाहिनी आली म्हणजे प्रत्येक नळाला पाणी आलं असं होत नाही. पण ज्याने ‘टंचाई कायमचीच’ असं धरून पाच वर्षांचं कर्ज काढलं, त्याचं गणित महापालिकेच्या एका पाइपावर लटकलं. गाडी घेताना माल कोणाचा, हे पाहावं लागतं. तो माल चार वर्षांनी असेल का, हेही पाहावं लागतं.

आता खर्चाकडे येऊ. सुरुवात करणाऱ्यापुढे साधारण तीन पायऱ्या असतात. पहिली छोटा हत्ती. २००५ साली टाटांनी आणलेली एस ही गाडी या नावानेच ओळखली जाते. पाऊण टनाच्या आसपास माल, आणि एकूण वजन तीन टनांच्या आत असल्यामुळे मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. दुसरी पायरी पिकअपची. इथे एकूण वजन बहुधा तीन टनांच्या वर जातं आणि परमिट आलंच. तिसरी आयशरसारखी चौदा-सतरा फुटी गाडी. दहाचाकीचा विचार नवख्याने करूच नये. तिचा एक टायर फुटला तरी वीस हजारांच्या पुढची गोष्ट असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे किमती उतरल्या हे खरं. पण शोरूमच्या किमतीपुढे विमा, पासिंग, रोड टॅक्स, परमिट हे सगळं उभंच असतं. शिवाय हौदाचं काम, ताडपत्री, दोर, जॅक, स्टेपनी. थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या अधिसूचनेत साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला वर्षाला १६,०४९ रुपये आणि १२ ते २० टनांच्या गाडीला ३५,३१३ रुपये होते, कर वेगळा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा त्याच्यावर. कर्जाची गाडी असेल तर फायनान्स कंपनी तो घ्यायलाच लावते.

परवान्याच्या बाबतीत मात्र एक दिलासा आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निर्णय दिला की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. अपघातानंतर ‘परवाना चालत नाही’ म्हणून दावा नाकारण्याची विमा कंपन्यांची वाट त्यामुळे बरीच अरुंद झाली.

आता एक हिशेब मांडू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. पिकअप सगळ्या कागदांसह दहा लाखांना दारात आली. दोन लाख पदरचे, आठ लाखांचं कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत ४८ महिने. हप्ता २१ हजारांच्या किंचित वर बसतो. चार वर्षांत व्याजच दोन लाखांच्या पुढे जातं. महिन्याला २,४०० किलोमीटर धावली, लिटरला बारा किलोमीटर दिले आणि डिझेल नव्वद रुपयांनी धरलं, तर १८ हजार डिझेल. विमा महिन्यावर वाटला तर साडेतीन हजार. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग, किरकोळ दुरुस्तीसाठी सहा हजार बाजूला काढायलाच हवेत, त्या महिन्यात खर्च झाले नाहीत तरी. टोल, पार्किंग, हमालांचं चहापाणी आणि मोबाइलवर येऊन पडणारी चलानं मिळून पाच हजार. एकूण ५३,५००.

चोवीस दिवस गाडी भरली आणि दिवसाला सरासरी ३,२०० भाडं मिळालं तर जमा ७६,८००. शोरूमवाल्याच्या आकड्याच्याही हे पुढे गेलं. हातात उरले २३,३००. भाडं २,८०० वर आलं, म्हणजे दिवसाला फक्त चारशे कमी मिळाले, तर उरतात १३,७००. दुसऱ्याची पिकअप चालवणाऱ्या ड्रायव्हरला या पट्ट्यात अठरा-वीस हजार पगार मिळतो आणि रात्री त्याला हप्त्याची काळजी नसते.

मालकाने आधी स्वतःचा ड्रायव्हर म्हणून पगार लिहावा, मग उरेल तो नफा, असं माझं म्हणणं आहे. वरच्या हिशेबात चांगल्या महिन्यात नफा तीन ते पाच हजारांचा आणि वाईट महिन्यात उणे. मग लोक गाडी घेतात कशाला? कारण चार वर्षांनी हप्ता संपतो आणि गाडी आपली होते. नफा असतो तो त्या गाडीत. पण तिथपर्यंत पोचण्यासाठी मधले अठ्ठेचाळीस महिने तगून राहावं लागतं, आणि चौथ्या वर्षी दुरुस्तीचे सहा हजार सहावर थांबत नाहीत.

खरा मार बसतो उभ्या दिवसांचा. सकाळी वालिव नाक्यावर गाड्यांची रांग पाहिली की ते कळतं. दलाल फोनवर सांगतो, ‘‘गाडी लावून ठेव, माल निघतोय.’’ माल अकराला निघतो, कधी तीनला निघतो, कधी दुसऱ्या दिवशी. भिवंडीच्या गोदामात संध्याकाळी पोचलं तर खाली करायला सकाळ उजाडते. एका दिवसाचं काम दोन दिवस खातं आणि हॉल्टिंगचे पैसे मागितले तर पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला जातो. वरच्याच हिशेबात महिन्यातले चार दिवस असे गेले, तर डिझेल वाचलं तरी जवळपास दहा हजार हातचे जातात. महामार्गाच्या काँक्रिटीकरणाच्या काळात वर्सोवा पूल ते चिंचोटी या टप्प्यात ज्यांनी तासन् तास इंजिन चालू ठेवून काढले, त्यांना हे कोणी सांगायला नको.

दुसरी गळती रिकाम्या परतीची. वापीला जाताना भाडं बरं मिळतं, परतीचं मिळेलच असं नाही. वापी-सरीगामकडचा माल मुंबईच्या बाजूला नेणाऱ्या गाड्या तिथल्याच ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ओळखीतल्या असतात. नवख्याला मग दोन दिवस थांबायचं की रिकामं यायचं हे ठरवावं लागतं. माझा सल्ला असा की जायचं भाडं ठरवताना येण्याचं डिझेल आणि टोल त्यातच धरावेत. परतीचा माल मिळालाच तर तो वरचा. मोबाइल अ‍ॅपवरच्या फेऱ्यांनी शहरातली रिकामी धाव काही प्रमाणात कमी केली आहे, पण भाडं तिथे अ‍ॅप ठरवतं आणि कमिशनही कापतं.

तिसरी गोष्ट उधारीची. बिल्टीवर भाडं, अ‍ॅडव्हान्स आणि बाकी असे तीन रकाने असतात. डिझेलपुरता अ‍ॅडव्हान्स हातावर मिळतो, बाकी ‘पोच आणून दे’ यावर अडते. पोचेवर शिक्का आहे पण सही नाही, एक बॉक्स दबला आहे, साहेब बाहेरगावी आहेत. महिना-दोन महिने सहज जातात, हप्त्याची तारीख मात्र जात नाही. इथे कागद थोडा कामी येतो. उद्यम नोंदणी फुकट आहे, ती करून घ्यावी. सूक्ष्म उद्योगाचे पैसे मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी आयकरात दाखवता येतो, अशी तरतूद आता लागू आहे. दहापर्यंतच गाड्या असतील तर पॅनसह तसं लिहून दिलं की भाड्यातून टीडीएस कापायचा नाही, हेही कायद्यातच आहे. गाळेवाल्याच्या अकाउंटंटला ते बहुधा ठाऊक असतं, पण आपण होऊन तो सांगत नाही.

या सगळ्यावर तोडगा म्हणून जास्त माल भरायचा मोह होतो. टनभर जादा टाकला की तीच फेरी पैसे देऊन जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि जादा टनामागे आणखी २,००० असा आहे. एका पावतीत अख्ख्या महिन्याची बचत साफ. ई-चलानांच्या विरोधात राज्यातले वाहतूकदार जुलै २०२५ मध्ये संपावर गेले होते, त्यांच्या तक्रारींत तथ्य होतंही. पण ओव्हरलोडच्या बाजूने मला काही बोलता येत नाही. त्यात टायर, ब्रेक आणि समोरून येणारा दुचाकीवाला, तिघेही जातात.

जुनी गाडी घ्यावी का? पहिल्या गाडीसाठी मी हो म्हणेन, ओळखीच्या मेकॅनिकने पाहिली असेल तर. श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स १९७९ साली उभी राहिली ती बँका दारात उभं करत नसलेल्या जुन्या ट्रकवाल्यांना कर्ज देऊनच. जुन्या गाडीला व्याज चढं असतं, पण मुद्दल निम्मं. मात्र आरसीवरचा बोजा उतरला आहे का, फिटनेस कधी संपतो, गाडीच्या नंबरवर किती चलानं थकली आहेत, हे पाहिल्याशिवाय टोकनचा रुपयाही देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच आपल्या नावावर करा. ‘नंतर करू’ म्हटलेल्या गाडीचा अपघात झाला तर कोर्टात जुना मालक, नवा मालक आणि विमा कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

अलीकडे विक्रीच्या बोलण्यात पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचं नाव हमखास येतं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली, खर्च ७६,२०० कोटींचा. मच्छीमारांचा विरोध अजून संपलेला नाही. बंदर झालं तर गाड्या लागतील यात शंका नाही, पण पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस आला तरी आज काढलेलं चार वर्षांचं कर्ज तोवर फिटत आलेलं असेल. शिवाय बंदराचा माल कंटेनरचा, त्याला ट्रेलर लागतात, पिकअप नव्हे. आणि लांब पल्ल्याचे कंटेनर ओढायला दादरी ते न्हावाशेवा ही १,५०६ किलोमीटरची मालवाहू रेल्वेमार्गिका आखली आहे, ती याच जिल्ह्यातून जाते. वाढवणच्या भरवशावर आज गाडी घेऊ नये.

घ्यायचीच असेल तर डाऊन पेमेंटखेरीज सहा महिन्यांचे हप्ते, म्हणजे वरच्या हिशेबात सव्वा लाख, वेगळे बँकेत हवेत. ते नसतील तर आणखी वर्षभर पगारावर ड्रायव्हिंग करा आणि त्या वर्षात कोणत्या गाळ्यातून किती माल निघतो, कोण वेळेवर पैसे देतो, कोण पोच अडवतो, हे वहीत टिपून ठेवा. मग वालिव-सातिवलीतल्या दोन गाळेवाल्यांना जाऊन विचारा, महिन्याला किती फेऱ्या देणार आणि पैसे किती दिवसांत देणार. दोघांनी लिहून दिलं तर शोरूममध्ये जा. नाही दिलं तर दोन लाख बँकेतच राहू द्या.