डाएटिशियन व्हायचे आहे? मग बी.एस्सी.वर थांबू नका

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत तीच चर्चा सुरू होते. मेडिकलला गुण कमी पडले. नर्सिंगमध्ये रात्रपाळी असते म्हणून अब्बू तयार नाहीत. डी.एड. करून नोकरी मिळण्याचे दिवस गेले. मग मामू किंवा खाला सुचवतात, "डाएटिशियन का होत नाही? दवाखान्याचे काम आहे, बहुतेक दिवसाचेच असते, मुलीला बरे पडेल." सूचना चांगलीच आहे. फक्त त्यापुढचा हिशेब बहुतेक घरांत अर्धवट मांडला जातो. तीन वर्षांची बी.एस्सी. झाली की मुलगी डाएटिशियन झाली, असे धरून चालतात. प्रत्यक्षात त्या पदवीने शिडीची पहिली पायरी संपते.

आपल्या देशात या व्यवसायातली जुनी आणि मोठी संघटना म्हणजे इंडियन डायटेटिक असोसिएशन. तिची स्थापना १९६३ ची. 'आर.डी.' म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन हा दर्जा देणारी परीक्षा तिचे मंडळ घेते. चांगल्या खासगी रुग्णालयांच्या जाहिरातीत 'आर.डी. असल्यास प्राधान्य' असे लिहिलेले असते, ते याच परीक्षेबद्दल. तिला बसण्यासाठी नुसती बी.एस्सी. चालत नाही. आहारशास्त्र किंवा अन्न व पोषण या विषयात एम.एस्सी. हवी, नाही तर बी.एस्सी.नंतर केलेला डायटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा हवा. शिवाय रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप. म्हणजे बारावीनंतर तीन वर्षे पदवी, दोन वर्षे एम.एस्सी. आणि वर अर्धे वर्ष. डिप्लोमाचा रस्ता धरला तर एक वर्ष वाचते. पण पुढे कॉलेजात शिकवायचे असेल, गृहविज्ञानाची नेट द्यायची असेल किंवा पीएच.डी. करायची असेल तर एम.एस्सी. लागतेच. माझे मत विचाराल तर घरची ओढाताण नसेल तर एम.एस्सी.च करावी.

एवढे शिकायचे कशाला, जेवण सांगायला? हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि तो स्वयंपाकघरातली माणसेच विचारतात. त्याचे उत्तर रमजानमध्ये मिळते.

समजा, पंचावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. पंधरा वर्षांपासून मधुमेह, आणि आता किडनीही कमी काम करू लागली आहे. त्यांना रोजे ठेवायचे आहेत. इफ्तारला खजूर तर हवाच. पण शंभर ग्रॅम सुक्या खजुरात साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आणि किडनी थकलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठले तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. त्यात फळांची चाट, डाळीची भजी, दोन पेले सरबत. इकडे सहरीला त्या फक्त चहा-पाव खाऊन झोपतात, वर इन्सुलिन चालू, म्हणून दुपारी साखर खाली जाते. आता या बाईंना 'ओट्स खा, तळलेले टाळा' असा छापील कागद देऊन काय होणार? त्यांचा रक्ताचा रिपोर्ट वाचता आला पाहिजे. कोणते इन्सुलिन किती वेळ काम करते ते ठाऊक पाहिजे. एक खजूर चालेल की तोही नको, भाज्या चिरून जास्त पाण्यात उकळून ते पाणी फेकायचे की नाही, दिवसभरात पाणी किती, हे सगळे एकत्र बसवून डॉक्टरांशी बोलावे लागते. आणि रोजा ठेवणे जिवावर बेतणारे असेल तर तेही नरमाईने, पण स्पष्ट सांगावे लागते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने मधुमेह आणि रमजान यावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढली आहे, २०१६ मध्ये पहिल्यांदा आणि २०२१ मध्ये सुधारून. त्यात रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधीच पेशंटची तपासणी आणि आहाराची आखणी करावी असे सांगितले आहे. ही आखणी करणारी व्यक्ती आपल्या घरातले जेवण ओळखणारी असेल तर किती फरक पडेल! तांदळाची भाकरी, सुके मटण, खिमा, माशाचे कालवण, शीरखुर्मा यांचे मोजमाप जिला ठाऊक आहे, ती पेशंटला परक्या जेवणाचा तक्ता देणार नाही.

हे सारे एम.एस्सी.च्या दोन वर्षांत आणि इंटर्नशिपमध्ये शिकवतात. पदवीला अन्नघटक, स्वयंपाकाचे शास्त्र, थोडे जीवरसायन होते. पुढे रोगानुसार आहारोपचार येतो: किडनी, यकृत, कॅन्सर, भाजलेले पेशंट, अकाली जन्मलेली बाळे, नळीतून द्यायचे अन्न. संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धतीही असतात. मुलींना त्या नकोशा वाटतात, पण रोज नवी 'चमत्कारी' पावडर बाजारात येते तेव्हा खरे-खोटे पारखायला त्याच उपयोगी पडतात. इंटर्नशिपमध्ये वॉर्डात फिरावे लागते, रुग्णालयाच्या किचनमध्ये उभे राहावे लागते, आणि जो पेशंट जेवायलाच नको म्हणतो त्याच्याशी बोलावे लागते. हे वर्गात बसून येत नाही.

कायद्याची बाजूही आता बदलते आहे. २०२१ साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघेही आहेत. राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा, व्यावसायिकांची नोंदवही आणि देशभर समान अभ्यासक्रम अशी त्याची रचना आहे. २०२५ मध्ये काही व्यवसायांचे अभ्यासक्रम जाहीर झाले, त्यांत पोषण आणि आहारशास्त्र आहे. म्हणून यंदा प्रवेश घेणाऱ्या मुलीने कॉलेजात थेट विचारावे: तुमची पदवी या आयोगाच्या नियमांत बसते का? आर.डी. परीक्षेला चालते का? उत्तर लेखी मागावे. तोंडी 'हो हो, चालते' यावर फी भरू नये.

तीन महिन्यांचे, सहा आठवड्यांचे, मोबाइलवर होणारे 'सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट' कोर्स सध्या फार झाले आहेत. फी मात्र एखाद्या वर्षाच्या कॉलेजएवढी. वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये पावडरचे डबे विकायला असे प्रमाणपत्र चालून जात असेल. रुग्णालयात चालत नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथल्या अनेक मुली लग्नानंतर आखाती देशांत जातात. तिकडे आहारतज्ज्ञ म्हणून काम करायला सरकारी परवाना लागतो, आणि पदवी खरी आहे की नाही हे थेट विद्यापीठाकडून पडताळले जाते. ब्रिटनमध्ये 'डाएटिशियन' हे नाव कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय लावता येत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीच्या परीक्षेसाठी मास्टर्स पदवी सक्तीची झाली, आणि किमान हजार तास देखरेखीखालचे काम तर आधीपासून आहेच. आपल्याकडे एम.एस्सी. आणि इंटर्नशिप पूर्ण केलेल्या मुलीला परदेशी गेल्यावर निदान अर्ज तरी करता येतो. नुसत्या बी.एस्सी.वर बहुतेक ठिकाणी ती दारातच अडते.

तयारी अकरावीपासूनच हवी. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र सोडू नये. गृहविज्ञानाच्या काही शाखांना कला शाखेच्या मुलींनाही प्रवेश मिळतो, पण आहारशास्त्राची पुढची वाट रसायनाशिवाय अवघड होते. मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचा जुहूचा परिसर, न्यू मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन, माटुंग्याचे बी.एम.एन. कॉलेज, नागपूरला एल.ए.डी. कॉलेज ही गृहविज्ञानाची जुनी ठिकाणे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही या विषयात पदव्युत्तर शिक्षण देते. तिची सुरुवात १९१८ मध्ये कुन्नूरला झाली होती. पदवी मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीत झालेल्या मुलींनाही काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो, तेव्हा उशीर झाला असे समजून गप्प बसू नये.

पैशांसाठी महाडीबीटी पोर्टलवरची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज ही दोन दारे आधी ठोठवावीत. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल निकालाच्या आधीच काढून ठेवा. ऐन वेळी तहसीलच्या रांगेत प्रवेशाची तारीख निघून जाते. इंटर्नशिपचे सहा महिने बहुतेक ठिकाणी बिनपगारी असतात, त्यांचा प्रवास आणि राहण्याचा खर्च हिशेबात धरावा.

राहता राहिला लग्नाचा प्रश्न. बी.एस्सी. संपते तेव्हा मुलगी एकवीस वर्षांची असते आणि स्थळे नेमकी तेव्हाच येऊ लागतात. 'पुढचे सासरी शिकेल' असे म्हणून ठरवले जाते. काही सासरे शिकवतातही. पण इंटर्नशिपला सहा महिने रोज वेळेवर रुग्णालयात हजर राहावे लागते, आणि नव्या घरात ते जमवणे सोपे नसते. ज्यांना लग्न थांबवायचे नसेल त्यांनी बोलणी करतानाच विचारावे: एम.एस्सी. कुठल्या कॉलेजात होईल, इंटर्नशिप कोणत्या शहरात, येण्याजाण्याचे काय. मुलाकडच्यांना हे प्रश्न विचारताना अम्मी-अब्बूंनी संकोच करू नये. आणि तिथे मुलीलाही बसू द्यावे.