संत्र्याच्या पैशाचा कागद

"शेतीले टॅक्स नाही ना? मंग हे कायले आलं?" काकाजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. डिसेंबर 2025 चा पहिला आठवडा होता. तळेगावच्या ओट्यावर बसलं की नागपूर-अमरावती महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज दिवसभर येतो. संदेश आयकर खात्याच्या नावाने, बचत खात्यात जमा झालेल्या रोकडीबद्दल होता.

काकाजी निवृत्त शिक्षक. पेन्शन आहे आणि संत्र्याची बागही. आदल्या वर्षीचा आंबिया बहर त्यांनी सात व्यापाऱ्यांना विकला, कुणाला चार ओळी, कुणाला सहा. पैसे रोख आले आणि जमा होत होत 11 लाख 40 हजारांवर गेले. बचत खात्यात वर्षभरात 10 लाख किंवा त्याहून जास्त रोकड भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. चोरी कुठेच नव्हती.

मी आधी संदेशातल्या दुव्याला हात लावू दिला नाही. पत्ता स्वतः टाइप करून आयकर खात्याचं पोर्टल उघडलं. 'वार्षिक माहिती विवरण' म्हणजे एआयएसमध्ये ती रक्कम होतीच. भरलेलं विवरणपत्र पाहिलं तेव्हा खरी चूक दिसली. ज्याच्याकडून ते भरून घेतलं, त्याने 'सहज' हा फॉर्म वापरून फक्त पेन्शन दाखवली होती. शेतीचं उत्पन्न 5 हजारांच्या वर असेल तर 'सहज' चालत नाही. सही काकाजींची, म्हणून जबाबदारीही त्यांचीच.

मग लोखंडी पेटी उघडली. सातबारा मिळाला, पीकपेऱ्याची नोंद ठीक होती. खत-फवारणीची बिलं सुतळीने बांधलेली होती. सौदाचिठ्ठ्या मात्र सातपैकी चारच सापडल्या. उरलेल्या तीन व्यापाऱ्यांना फोन करण्यात दुपार गेली. दोघांनी लिहून दिलं, तिसऱ्याने फोन उचलला नाही. त्याच्या रकमेसाठी काकाजींच्या वहीतली तारीख आणि त्याच आठवड्यातला बँकेतला भरणा एवढाच आधार उरला. ही दुपार टाळता आली असती, हे मला अजून टोचतं.

31 डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र भरता येत होतं, ते आयटीआर-2 या फॉर्ममध्ये भरलं. खर्च वजा जाता शेतीचं उत्पन्न 5 लाखांच्या वर राहिलं, म्हणून जिल्हा, पिनकोड, जमिनीचं क्षेत्र आणि ती ओलिताची की कोरडवाहू हेही लिहावं लागलं. शेतीवर कर नाहीच. पण पेन्शनवरचा कर काढताना हे उत्पन्न दरासाठी मोजतात, त्यामुळे थोडा कर आणि व्याज भरावं लागलं. ई-पडताळणी त्याच संध्याकाळी केली. ती 30 दिवसांत झाली नाही तर पडताळणीची तारीखच भरण्याची तारीख धरतात.

सात सौदे वेगवेगळे होते आणि प्रत्येक दोन लाखांच्या आतला, म्हणून एक मोठं संकट टळलं. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोकड घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो, मग पैसे हप्त्याने का येईनात. शेतमालाची त्याहून कमी रोख विक्री चालते, हा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर 2017 मध्येच केला आहे. अख्खी बाग एकालाच द्यायची असेल तर पैसे खात्यातच घ्या.

तोड सुरू होण्याआधी व्यापाऱ्याकडून चिठ्ठी लिहून घ्या. तिच्यावर नाव, तारीख, रक्कम आणि सही असू द्या, आणि ती सातबाऱ्यासोबत ठेवा.