पन्नास डॉलर आणि एक ट्रंक

प्रकाशकाने मंजूर केले होते अंकामागे दीडशे डॉलर. रॉय थॉमसने पत्रात लिहिले दोनशे.

हे १९७० च्या आसपासचं न्यूयॉर्क. थॉमस मार्व्हल कॉमिक्समध्ये संपादक-लेखक. वाचकांची पत्रं सारखी येत होती : तलवारी आणि जादूटोण्याच्या कथा काढा. प्रकाशक मार्टिन गुडमन हक्कांसाठी फार पैसे सोडायला तयार नव्हता. थॉमसने आधी एका दुय्यम रानवीरासाठी विचारून पाहिलं, तिकडून चालढकल झाली. मग त्याने खऱ्या नायकालाच हात घातला. नायकाचं नाव कॉनन, आणि हक्कांसाठी लिहायचं टेक्सासमधल्या ग्लेन लॉर्ड नावाच्या माणसाला. पण दीडशे हा आकडा लिहायची थॉमसला लाज वाटली. म्हणून वरचे पन्नास. लॉर्डने होकार कळवला, तेव्हा थॉमसच्या पोटात गोळा आला. पहिल्या अंकाची कथा दुसऱ्या कुणाकडून न लिहवता तो स्वतःच लिहायला बसला. गुडमनने हिशोब मागितलाच, तर आपल्या मानधनातून कापून देता येईल!

त्या पन्नास डॉलरनी पुढे काय केलं ते सांगतोच. आधी हा ग्लेन लॉर्ड कोण, ते पाहू. खरी शोधकथा त्याची आहे.

कॉननचा जनक रॉबर्ट हॉवर्ड हा टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स या लहानशा गावातल्या डॉक्टरचा मुलगा. 'वीअर्ड टेल्स' या स्वस्त कागदावरच्या मासिकात तो शब्दाच्या भावाने लिहायचा. कॉननची पहिली कथा डिसेंबर १९३२ च्या अंकात आली. मासिकाकडे त्याचे पैसे नेहमी थकलेले. ११ जून १९३६ रोजी, आई आता शुद्धीवर येणार नाही असं कळल्यावर, तो घराबाहेर उभ्या असलेल्या मोटारीत जाऊन बसला आणि त्याने स्वतःवर गोळी झाडली. वय तीस. दुसऱ्या दिवशी आईही गेली.

मागे राहिले म्हातारे वडील आणि टंकलेल्या कागदांचे ढीग. हॉवर्डला प्रत्यक्ष भेटलेले लेखकमित्र विरळाच. त्यांतला एक ई. हॉफमन प्राइस. कागदांची ट्रंक वडिलांनी त्याच्याकडे कॅलिफोर्नियात पाठवून दिली. १९४४ साली डॉक्टरही वारले. कथांचे हक्क तिसऱ्याच घरात गेले, कागद चौथ्या ठिकाणी राहिले.

पहिलं घबाड १९५१ मध्ये सापडलं, तेही ट्रंकेत नाही. एल. स्प्रेग डी कॅम्प या लेखकाला न्यूयॉर्कमधल्या एका साहित्य-एजंटाकडे हॉवर्डच्या अप्रकाशित हस्तलिखितांचा गठ्ठा मिळाला. त्यात 'हिमराक्षसाची मुलगी' ही कॉननकथा होती. १९३२ मध्ये 'वीअर्ड टेल्स'च्या संपादकाने ती साभार परत केली होती. हॉवर्डने नायकाचं नाव बदलून ती एका हौशी मासिकाला देऊन टाकली होती. मूळ रूप कुणी पाहिलंच नव्हतं. डी कॅम्पने ती छापून आणली, पण आपली लेखणी फिरवून. हा त्याचा दोष मला अजून खुपतो. सापडलेली वस्तू पुसून ठेवावी, तिला रंग देऊ नये.

ग्लेन लॉर्डचा पिंड नेमका उलटा. कोरियाच्या युद्धात लढून आलेला हा माणूस टेक्सासमध्ये कागदाच्या गोदामात नोकरी करायचा. लेखक नव्हे, प्राध्यापक नव्हे. हॉवर्डचं लेखन वाचून झपाटला आणि जुन्या मासिकांतून, लोकांच्या घरांतून एकेक कविता, एकेक पत्र गोळा करत सुटला. १९५७ मध्ये त्याने हॉवर्डच्या कवितांचा संग्रह काढला, १९६१ पासून एकट्या हॉवर्डला वाहिलेलं छोटं नियतकालिक चालवलं. दिवसभर गोदामात कोरा कागद, उरल्या वेळात मेलेल्या माणसाचा टंकलेला कागद.

साठीच्या दशकाच्या मध्यावर त्याने त्या ट्रंकेतल्या कागदांचा माग काढला. हजारो पानं! पुऱ्या कथा, अर्धवट कथा, कच्चे खर्डे, पत्रांच्या कार्बन प्रती. त्यांत कॉननची अर्धीमुर्धी पाचसहा प्रकरणंही निघाली. कुठे दोन-चार पानं, कुठे नुसता आराखडा. १९६५ मध्ये वारसांनी लॉर्डलाच एजंट नेमलं. पुढच्याच वर्षी लॅन्सर या प्रकाशनाने कॉननची स्वस्त पुस्तकं काढायला सुरुवात केली. मुखपृष्ठावर फ्रँक फ्रझेटाचं चित्र : हाडं आणि प्रेतांच्या ढिगावर तलवार टेकून उभा असलेला, जखमांच्या वणांनी भरलेला रानगडी. लोकांनी आधी ते चित्र विकत घेतलं आणि मग आतलं वाचलं, असं म्हणायला हरकत नाही. त्याच पुस्तकांमुळे कॉमिक्सवाल्यांपर्यंत कॉनन पोचला, आणि लॉर्डचं नावही.

आता पन्नास डॉलर. थॉमसला चित्रकार हवा होता जॉन ब्युसेमा. पण त्याचा पानाचा दर मोठा, आणि हक्कांचा खर्च आधीच वाढून बसलेला. तेव्हा स्वस्तातला शोधला : बॅरी स्मिथ, एकवीस वर्षांचा इंग्रज पोरगा. काही काळापूर्वी तो न्यूयॉर्कला येऊन राहिला होता. 'एक्स-मेन'चा एक अंक त्याने बागेतल्या बाकावर बसून काढला होता. कामाचा परवाना नसल्यामुळे त्याला मायदेशी परतावं लागलं. म्हणून कॉननची पानं लंडनहून टपालाने येऊ लागली.

'कॉनन द बार्बेरियन'चा पहिला अंक ऑक्टोबर १९७० चा. खरं सांगायचं तर त्यातली चित्रं बेताची आहेत. शिंगांचं शिरस्त्राण घातलेला नायक, मार्व्हलचा चित्रकार जॅक कर्बी याच्या धर्तीवरच्या उड्या आणि ठोसे. विक्री अंकागणिक घसरली. मालिका बंद करायचं ठरलंही, थॉमसने रदबदली करून ती वाचवली. आणि त्या मिळालेल्या मुदतीत हा मुलगा पानापानागणिक बदलत गेला. दगडी भिंतीचा प्रत्येक चिरा, कापडाची चुणी, तलवारीच्या मुठीवरची वेलबुट्टी तो वेगळी काढू लागला. प्री-राफेलाइट चित्रकारांची ती वेळखाऊ, हट्टी नजर पंधरा-वीस सेंटांच्या कॉमिकमध्ये आली. आठव्या अंकाची कथा लॉर्डला सापडलेल्या एका आराखड्यावरून रचलेली आहे. ट्रंकेतला कागद असा चित्रात उतरला.

एक अडचण मात्र होती. १९५४ पासून अमेरिकी कॉमिक्सवर उद्योगाचीच आचारसंहिता होती. तिचा शिक्का हवा तर रक्त जपून दाखवायचं. घाव बसायचा तो चौकटीबाहेर. हॉवर्डच्या कथेतून रक्त काढलं तर उरतं काय? वाट सापडली ती मोठ्या आकाराच्या काळ्या-पांढऱ्या मासिकात. त्याला ही संहिता लागू नव्हती. १९७१ मध्ये 'सॅव्हेज टेल्स'च्या पहिल्याच अंकात स्मिथने 'हिमराक्षसाची मुलगी' काढली. हीच ती, १९३२ मध्ये परत आलेली. पुढे तीच पानं रंगीत अंकात छापताना त्या मुलीच्या अंगावर कपडे चढवावे लागले.

आणि मग 'रेड नेल्स', म्हणजे 'लाल खिळे'. हॉवर्डची ही शेवटची कॉननकथा. 'वीअर्ड टेल्स'मध्ये ती क्रमशः छापून पुरी झाली तेव्हा तो हयात नव्हता. छपराखाली बंदिस्त एक नगर, त्यात एकमेकांना संपवत चाललेले दोन गट, आणि मारलेल्या प्रत्येक शत्रूमागे काळ्या खांबात ठोकलेला एकेक लाल खिळा. स्मिथने १९७३-७४ मध्ये ती चितारली आणि कॉनन सोडला. रंगीत मालिका त्याआधीच, पंचविसाव्या अंकापासून, ब्युसेमाकडे गेली होती. शेवटी तो मिळालाच, आणि कॉननचा रांगडा धिप्पाडपणा त्याने स्मिथहून सरस काढला, हेही कबूल. मालिका २७५ अंक चालली. पण ब्युसेमाचा कॉनन पाहताना भीती वाटते ती कॉननची. 'लाल खिळे'मध्ये भीती वाटते ती त्या भिंतींची, त्या रिकाम्या चकचकीत फरशीची. पन्नास डॉलर वाचले असते, तर ती फरशी अशी कुणी काढली नसती.

ग्लेन लॉर्ड ३१ डिसेंबर २०११ रोजी वारला. 'लाल खिळे' पुढे रंग भरूनही निघाली आहे. ती हाती आली तर बाजूला ठेवा. काळी-पांढरीच मिळवून पाहा. तिच्यात खिळे काळे आहेत आणि रक्तही काळं.