शाळकरी वयातली अर्धशिशी

गेल्या वर्षी सोयाबीनची काढणी चालू होती त्या दिवसांत एक शेतकरी आपल्या मुलीला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन आला. मागोमाग ऑटोने तिची आई आली. मुलगी दहावीत शिकणारी. कपाळावर ओढणी करकचून बांधलेली, एका हाताने डावी बाजू दाबून धरलेली आणि दुसऱ्या हातात, उलटी झालीच तर असावी म्हणून, प्लॅस्टिकची पिशवी. बाकावर बसायला सांगितले तर ती सरळ भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"सकाळपासून डोकं दुखायलंय हिचं, डॉक्टरसाहेब," वडील म्हणाले. "महिन्यातून सात-आठ बार असंच व्हायलंय. चष्म्याचा नंबर काढून झाला, दोरा बांधून झाला, सुंठीचा लेप झाला. अभ्यासाचा ताण झेपत नसंल तर शाळा बंद करावी म्हणायलोय आता."

हे शेवटचे वाक्य ऐकून मुलीने भिंतीकडचे तोंड वळवले आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात डोकेदुखीपेक्षा भीती जास्त होती.

वाचकहो, या मुलीला अर्धशिशी होती. डॉक्टरी भाषेत मायग्रेन. आपल्या वैद्यकशास्त्रात याला अर्धावभेदक असे जुने नाव आहे, तेव्हा हा काही मोबाईलबरोबर आलेला नवा आजार नव्हे. नावात अर्धे डोके असले तरी लहान वयात पुष्कळदा कपाळ पूर्ण दुखते, दोन्ही बाजूंनी ठणकते. मोठ्या माणसाचा झटका निदान चार तास तरी चालतो. मुलांचा कधी दोन तासांतच ओसरतो. म्हणून संध्याकाळी तेच मूल खेळताना दिसले की घरचे म्हणतात, बघा, शाळा सुटली आणि डोके राहिले!

येथे माझीच एक चूक सांगितली पाहिजे. दवाखाना नुकताच टाकला होता तेव्हाची गोष्ट. नववीतल्या एका मुलाला त्याचे वडील घेऊन आले. दर आठवड्याला डोके दुखते, शाळेतून घरी येतो. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली. सगळे ठीक. मी हसून म्हणालो, "शाळा चुकवायचा बहाणा आहे, दुसरं काही नाही." वडिलांनी माझ्यासमोरच त्याच्या पाठीत धपाटा घातला. पुढे तो आला नाही, आणि मला वाटले, बरा झाला. पुष्कळ वर्षांनी तोच मुलगा स्वतःच्या लेकराला ताप आला म्हणून घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, "तुम्ही बहाणा म्हणालात, तवापासून मी घरी सांगणंच सोडलं. शाळेच्या मागं जाऊन उलटी करायचो आणि परत वर्गात बसायचो." दहावीला तो दोन विषयांत राहिला आणि मग शेतीकडेच वळला. डोके अजून दुखते म्हणाला. तेव्हापासून डोके दुखते म्हणणाऱ्या मुलाला मी बहाणा हा शब्द वापरलेला नाही.

कारण या आजारात तपासताना काहीही सापडत नाही, हेच त्याचे लक्षण आहे. रक्त चांगले, डोळे चांगले, फोटो काढला तर तोही चांगला. बिघाड असतो तो मेंदू आणि चेहऱ्याच्या नसांच्या वागण्यात. पूर्वी आम्हाला शिकवत की डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून दुखते. आता कळले आहे की मूळ गडबड नसांची आहे. चेहऱ्याला व मेंदूच्या आवरणाला जाणारी मोठी नस चेतवली जाते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य बाहेर पडते आणि ठणका सुरू होतो. मग उजेड सहन होत नाही, आवाज सहन होत नाही, फोडणीचा वास आला तरी मळमळते. काहींना ठणक्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसतात. पाच मिनिटांपासून तासाभरात त्या जातात. असा मेंदू बहुधा वारशाने मिळतो. मी त्या मुलीच्या आईला विचारले, तुमचे डोके दुखते का? ती म्हणाली, "माझं काय, उन्हाचं डोकं हाय. लग्नाआधीपासूनच हाय." उन्हाचे डोके, पित्ताचे डोके अशी नावे देऊन आपल्याकडच्या कितीतरी बायांनी जन्मभर अर्धशिशीच काढली आहे. बंगळूर भागात १८ ते ६५ वयाच्या लोकांची पाहणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यात वर्षभरात मायग्रेन झालेले लोक शंभरात सुमारे पंचवीस निघाले. मुलींमध्ये पाळी सुरू झाल्यावर हा त्रास वाढतो आणि पुष्कळदा पाळीच्या आदल्या दोन दिवसांत हटकून येतो.

पण प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते, हेही आईबापांनी ध्यानात ठेवावे. अचानक, कधी नव्हे इतके भयंकर डोके दुखणे. ताप व मान ताठणे. रोज पहाटे डोके दुखून उलटी होणे. दुखण्याने झोपेतून जाग येणे. एकाची दोन दिसणे. चालताना तोल जाणे, हातापायातली शक्ती कमी होणे. डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी. किंवा झटका, म्हणजे फिट येणे. यातले काही असेल तर लेप लावत बसू नये, गावातल्या डॉक्टरकडेही थांबू नये. आपल्याला नांदेडच्या विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तेथे न्यावे. आपल्या देशात मेंदूत पट्टकृमीच्या गाठी होण्याचा आजारही आहे, त्यात फिट आणि डोकेदुखी दोन्ही येतात. या मुलीत यातले काहीच नव्हते. म्हणून मी स्कॅन सांगितला नाही. वडिलांना ते थोडे खटकले. पैसे गेले की निदान पक्के झाले असे वाटते माणसाला.

मी तिला शंभर पानी वही घ्यायला सांगितली. डोके दुखले त्या दिवसाची तारीख, किती वाजता सुरू झाले, आदल्या रात्री किती वाजता झोपली, सकाळी काय खाल्ले, पाळी, उपवास, ऊन आणि कोणती गोळी घेतली. एवढेच, एका ओळीत. महिन्याने वही आली तेव्हा त्यात आठ दिवस होते, आणि आठांपैकी पाच दिवशी सकाळच्या रकान्यात एकच शब्द होता: चहा. शिकवणीसाठी ही मुलगी सातच्या आत घर सोडायची आणि पहिला घास दुपारच्या सुट्टीत खायची. एक दिवस चतुर्थीचा होता. उपाशी राहणे हे अर्धशिशीचे फार मोठे निमित्त आहे. मी कुणाच्या श्रद्धेत हात घालत नाही, पण ज्या मुलीला हा त्रास आहे तिने शाळा असताना निरंकार उपवास धरू नये, असे मी आईला स्पष्ट सांगितले. देवाची समजूत घालणे आजीची समजूत घालण्यापेक्षा सोपे गेले असावे.

दुसरी गोष्ट वहीत नव्हती, ती विचारल्यावर निघाली. शाळेत पाणी किती पितेस? ती गप्प. आईने सांगितले, शाळेतले संडास वापरण्याजोगे नाहीत म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत. आपल्या परभणीच्या उन्हात सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत पाण्याचा घोट नाही! येथे औषध काय करणार? हा प्रश्न डॉक्टरचा नाही, शाळा समितीचा आणि ग्रामपंचायतीचा आहे, आणि पालक सभेत बापांनी तो उभे राहून विचारला पाहिजे. मुलींना तो विचारता येत नाही.

तिसरे निमित्त ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. मुंबईचे डोकेदुखीचे तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली अशा ९४ भारतीय रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना डोक्यावरून न्हाल्याने मायग्रेन उठत असे. परदेशी पुस्तकांत ही गोष्ट नव्हती. आपल्या आयाबहिणींना मात्र माहीत होती. लांब ओले केस तसेच बांधून बाहेर पडण्याची आपल्याकडे सवय. या मुलीच्या वहीत दोन रविवार न्हाण्याचे निघाले. सुट्टीच्या सकाळी लवकर, थोडे खाऊन न्हावे आणि केस पूर्ण वाळवावेत, इतके सांगून भागले. रविवारी दहापर्यंत लोळण्याचाही हात त्यात असेल. या मेंदूला कमी झोप सोसत नाही आणि अचानक जास्त झोपही सोसत नाही. रात्री अंथरुणात मोबाईल पाहत बारा वाजवणे तर नकोच. तिचा मोबाईल दहा वाजता बापाच्या खिशात जाऊ लागला. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच परत मिळे.

आता गोळ्यांविषयी. गोळी ठणका सुरू होताच, पहिल्या अर्ध्या तासात घ्यावी. डोके फुटायची वेळ आल्यावर घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते, कारण झटक्यात जठराचे कामही मंदावते. साधारण चाळीस किलो वजनाच्या मुलाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, किंवा काही खाऊन आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम चालते. कमी वजनाला डॉक्टरकडून मात्रा ठरवून घ्यावी. अंगात ताप असेल तर आयबुप्रोफेन घेऊ नये, तो डेंग्यूचा असू शकतो. सोळा वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. गोळी घेऊन अंधाऱ्या खोलीत पडावे. झोप लागली की अर्धे काम होते. शाळेत झटका आला तर गुरुजींनी गोळी, पाणी आणि तासभर आडवे पडायला जागा द्यावी. पुष्कळदा मूल दुपारच्या तासांना पुन्हा वर्गात बसू शकते. घरी पाठवले की तो दिवस गेलाच.

दुकानातून सुटी मिळणारी मिश्र गोळी मात्र वेगळी गोष्ट. काहींत एर्गोटामाइन व कॅफीन असते, काहींत उलटीचे प्रोक्लोरपेराझीन. या उलटीच्या औषधाने कोवळ्या मुलामुलींची मान वाकडी होऊन जबडा आवळलेला मी पाहिला आहे. घरच्यांना वाटले वारे आले. शिवाय साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा दिवस आणि मिश्र गोळी दहा दिवस, अशी तीन महिन्यांवर चालली तर गोळीनेच रोज डोके दुखू लागते. लोक म्हणतात, गोळीशिवाय राहवत नाही. खरे तर गोळीमुळे राहवत नाही. आठवड्यातून दोन दिवसांवर गोळी लागू लागली तर डॉक्टरकडे यावे, दुकानात जाऊ नये.

रोज घ्यायची, झटके टाळणारी औषधे आहेत. फ्लुनारिझिन, प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन वगैरे. फ्लुनारिझिनने झोप व वजन वाढते, दम्याच्या मुलाला प्रोप्रानोलॉल चालत नाही, व्हॅल्प्रोएट वयात आलेल्या मुलीला टाळावे. पण येथे एक गमतीची आणि विचार करण्यासारखी गोष्ट सांगतो. अमेरिकेत ८ ते १७ वयाच्या मुलांवर मोठी चाचणी झाली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. अमिट्रिप्टिलिन घेणाऱ्यांत शंभरात ५२, टोपिरामेट घेणाऱ्यांत ५५ मुलांचे डोके दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा अधिक कमी झाले. आणि ज्यांना औषध नसलेली नुसती दिसायला सारखी गोळी दिली, त्यांच्यात ६१! याचा अर्थ ती मुले ढोंगी होती असा कुणी काढू नये. दुखणे खरेच होते आणि खरेच कमी झाले. कोणीतरी नियमाने विचारपूस करते आहे, नोंद ठेवते आहे, याचा उपयोग होत असणार असे मी समजतो. मन शांत ठेवण्याचे, ताण हाताळण्याचे शिक्षण औषधाच्या जोडीला दिले तर किशोरांना जास्त गुण येतो, हे २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासात दिसले आहे. आपल्याकडे असे शिकवणारा माणूस तालुक्यालाही सहज सापडत नाही. म्हणून मी मुलीला दहा मिनिटे डोळे मिटून संथ श्वास घेणे शिकवले, आणि वडिलांना एवढेच सांगितले की शाळा बंद करायचे शब्द पुन्हा तिच्यापुढे काढू नका. त्या ताणापुढे अभ्यासाचा ताण काहीच नाही.

"लोक विचारतील ना, डॉक्टरसाहेब. पुढं लग्नाचं बघावं लागंल," ते म्हणाले. मी त्यांना त्यांच्याच घराकडे बोट दाखवले. उन्हाचे डोके घेऊन या बाईने तुमचा संसार केला, दोन पोरे वाढवली, रानात काम केले. ते काही बोलले नाहीत.

मुलीला रोजची गोळी सुरू केली नाही. सकाळी भाकरी-दूध किंवा शेंगदाण्याचा लाडू, पाण्याची मोठी बाटली, दहाला झोप, ठणका येताच गोळी. नोव्हेंबरात सहा दिवस दुखले, डिसेंबरात पुन्हा सात. तेव्हा ती रडवेली झाली होती आणि मीही रोजच्या औषधाचा विचार करू लागलो होतो. मकरसंक्रांतीला न्हाणे झाले, डोके दुखले नाही, ही नोंद तिने वहीत लाल शाईने केली. जानेवारीत तीन दिवस. दहावीच्या परीक्षेत एका पेपरला डोके उठलेच. दप्तरात गोळी होती, तिने ती वेळेवर घेतली आणि पेपर पूर्ण सोडवून आली.

परवा ती वही दाखवायला आली होती. वही भरत आली आहे. बरोबर आई होती. जाताना दारात थांबून आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी पण एक वही केली तर चालंल का?"